तक्रार: तुटलेला ट्रेल रॅक आणि "सुखरूप आलात ना?" हे तुमचं उत्तर

प्रति,
व्यवस्थापक,
ग्राहक सेवा व उत्पादन विभाग

विषय: मोटरसायकलच्या सॅडल बॅगचा रॅक वेल्डिंगमध्ये तुटल्याबद्दल आणि वॉरंटी नाकारल्याबद्दल

काल दुपारी तुमच्या कस्टमर केअरला चौथा फोन केला. बावीस मिनिटं थांबल्यावर जे ऐकायला मिळालं, त्यानंतर पाचवा फोन करणार नाही. आता हे पत्र. मागच्या चाकाच्या दोन्ही बाजूंना बसणारा, तिथे लटकणाऱ्या सॅडल बॅगा चाकापासून दूर धरणारा हा रॅक तुम्हीच बनवता, त्यामुळे जास्त समजावत बसत नाही.

मार्चमध्ये ८,९०० रुपयांना घेतलेल्या जोडीतला डावा रॅक १४ सप्टेंबरला हिमाचलमध्ये, मनालीहून स्पितीकडे जाताना, छोटा दर्रा ते बातल या टप्प्यात तुटला. खालच्या पट्टीचा वेल्ड सुटला, रॅक आत वळला आणि सॅडल बॅग मागच्या चाकाच्या स्पोकमध्ये अडकली. चाक जागच्या जागी जाम झालं. वेग वीसच्या आसपास होता आणि गाडी डोंगराच्या बाजूला पडली, म्हणून हे पत्र लिहायला मी आहे. दुसऱ्या बाजूला खाली चंद्रा नदी होती. तो रस्ता ज्याने पाहिला आहे त्याला याहून जास्त सांगायला नको, आणि ट्रेल रायडिंगचं सामान विकणाऱ्या कंपनीत तो कुणी तरी पाहिला असेल असं मी धरून चालतो.

बॅगेत तंबू होता. त्याचे दोन पोल वाकले, बाहेरचं कापड हातभर फाटलं. चंद्रताल सरोवराजवळ, जिथे तंबू लावायला परवानगी आहे तिथे, दोन रात्री राहायचा बेत होता. सव्वाचार हजार मीटर उंचीवर, सप्टेंबरच्या थंडीत, फाटक्या तंबूत झोपता येत नाही. ती रात्र बातलच्या ढाब्यात काढली. दुसऱ्या दिवशी जुनी ट्यूब कापून रॅक फ्रेमला आवळला, बॅग मित्राच्या गाडीवर चढवली आणि कुंझुम खिंड ओलांडून स्पितीतलं काझा गाव गाठलं. चंद्रताल राहून गेलं. या एका प्रवासासाठी दोन वर्षं रजा साठवली होती आणि मुंबईहून गाडी रेल्वे पार्सलने, टाकी कोरडी करून, पुढे पाठवली होती. त्याची भरपाई तुमच्याकडे नाही, मी मागतही नाही.

काझ्यात एका वेल्डरने रॅक जोडून दिला. तुमचा वेल्ड असलेला तुकडा कापून काढला, सांध्यावर आतून अँगलचा तुकडा लावला आणि ४०० रुपये घेतले. तो सांधा त्या रस्त्यावरून परत मनालीपर्यंत आला. आजही त्याला काही झालेलं नाही.

आता कालचा फोन. माझे वडील शेजारी बसले होते, म्हणून स्पीकर लावला होता. तुमच्या प्रतिनिधीचं नाव लिहीत नाही, कारण त्यांना शिकवून जे बोलायला लावलं तेच ते बोलत होते. पहिला प्रश्न: "सर, गाडी ऑफ-रोड चालवली होती का?" मी म्हटलं, रॅकच्या खोक्यावर "ट्रेल", म्हणजे कच्ची वाट, असं तुम्हीच छापलं आहे. त्यावर, "हो सर, पण ऑफ-रोड वापर वॉरंटीत बसत नाही." मी सांगितलं की ग्राम्फू ते काझा हा रस्ता, ज्यावर मी पडलो तोच, सरकारी कागदावर राष्ट्रीय महामार्ग ५०५ आहे. त्या काही वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, "पण सर, तुम्ही पाठवलेल्या फोटोत दगड दिसतायत." हो, दिसतात. त्या रस्त्यावर दगड आहेत, नाले आहेत, दुपारनंतर बर्फ वितळून त्या नाल्यांचं पाणी वाढतं म्हणून माणसं सकाळी लवकर निघतात. मग हा रॅक नेमका कुठल्या रस्त्यासाठी बनवला आहे, हे मला लेखी कळवा.

त्यानंतर वजन. एका बाजूला दहा किलोची मर्यादा आहे, तुम्ही जास्त भरलं असेल. डाव्या बॅगेचं वजन ७ किलो ६०० ग्रॅम होतं. "याचा पुरावा आहे का?" आहे. निघण्याच्या आदल्या संध्याकाळी गल्लीतल्या रद्दीवाल्याच्या काट्यावर दोन्ही बॅगा मोजल्या, कारण तुमचा स्टिकर मी वाचला होता. काट्यावरच्या बॅगेचा फोटो तुम्हाला पहिल्याच ईमेलमध्ये पाठवला आहे. त्यांनी तो उघडलेलाच नव्हता. उघडायला सांगितल्यावर म्हणाल्या, रद्दीवाल्याचा काटा ग्राह्य धरता येत नाही. मग प्रवासाला निघणाऱ्याने बॅग कुठे मोजायची, तेही खोक्यावर छापा.

आणि शेवटी, मी आवाज चढवल्यावर, अगदी शांतपणे: "सर, तुम्ही सुखरूप घरी आलात ना? मग झालं."

मग झालं. वडिलांनी हे ऐकलं आणि उठून आत निघून गेले. तिथे काय होऊ शकलं असतं ते मी घरी सांगितलं नव्हतं. कालच्या फोनमुळे त्यांना ते कळलं. हे एक वाक्य मी तुमच्या कंपनीला माफ करणार नाही. गाडी नदीच्या बाजूला पडली असती, तर हाच फोन माझ्या बायकोने केला असता. तिला काय सांगितलं असतं?

वडील ३१ वर्षं माटुंग्याच्या रेल्वे वर्कशॉपमध्ये वेल्डर होते. काझ्याच्या वेल्डरने कापून काढलेला तुकडा मी जपून आणला, तो त्यांनी भिंग लावून पाहिला. वेल्ड वरून दाणेदार, सुबक दिसतो. पण तुटलेल्या तोंडावर पाइपची कापलेली मूळ कडा जशीच्या तशी आहे. म्हणजे धातू आत उतरलाच नाही, वरच्या वर बसला. शिवाय तोंडाचा अर्धा भाग काळपट-तांबूस आहे आणि अर्धाच चकचकीत. भेग आधीच पडलेली होती, गाडीच्या कंपनाने रोज थोडी थोडी वाढत होती, बातलच्या अलीकडे उरलेला भाग सुटला. पडल्यामुळे रॅक तुटला असं तुमच्या दुसऱ्या ईमेलमध्ये लिहिलं आहे. उलट आहे. रॅक तुटल्यामुळे मी पडलो.

यावर विश्वास नसेल तर उजवा रॅक बघा. ती बाजू पडली नाही, तिला काही लागलं नाही. वडिलांनी तिच्या सांध्यावरचा रंग खरवडला, रॉकेल लावलं, कोरडं पुसलं आणि वर खडूची पूड भुरभुरली. थोड्या वेळाने भेगेत शिरलेलं रॉकेल बाहेर येऊन पुडीवर ओली रेघ उमटली, पट्टीच्या कडेने, बोटाच्या पेराएवढी. त्याच जागी, तशीच भेग. दोन्ही रॅक मागून एकमेकांना जोडणारा आडवा पाइपही तुम्ही दिलेला नाही, त्यामुळे रॅकची सगळी डोलण्याची ओढ याच एका सांध्यावर येते. हे तुमच्या डिझाइन करणाऱ्यांना माझ्यापेक्षा चांगलं माहीत असायला हवं.

पाच वर्षांपासून तुमचं सामान वापरतोय. पहिली टँक बॅग, मग नी गार्ड, मग रेन कव्हर. परदेशी सामानाच्या निम्म्या किमतीत इथलीच एक कंपनी चांगली वस्तू देते, याचं अप्रूप होतं. माझ्या सांगण्यावरून ग्रुपमधल्या सहा जणांनी हाच रॅक घेतला. त्यातले दोघं दिवाळीच्या सुटीत सामान लादून भंडारदरा-घाटघरकडे निघणार आहेत. त्यांना मी काल रात्रीच फोन करून रॅक उतरवायला सांगितलं. बाकीच्या गिऱ्हाइकांना कोण सांगणार? माझ्या ८,९०० रुपयांपेक्षा मला याची जास्त काळजी आहे, आणि चार फोनमध्ये तुमच्याकडच्या एकानेही बॅच नंबर विचारला नाही. एकानेही नाही.

पुढच्या खरेदीवर पंधरा टक्के सूट देणारं जे कूपन तुम्ही पाठवलं, ते मी वापरणार नाही. मला रॅकचे पूर्ण पैसे, तंबू आणि बॅगेची किंमत हवी आहे. पावत्या जोडल्या आहेत. आणि त्या बॅचचे रॅक ज्यांनी घेतले त्या सगळ्यांना, रॅक तपासून होईपर्यंत वापरू नका, असं तुमच्याकडून लेखी गेलेलं हवं आहे. ही शेवटची मागणी मान्य न करता नुसते पैसे दिलेत, तर ते घेऊन मी गप्प बसणार नाही.

हे पत्र मिळाल्यापासून पंधरा दिवस वाट पाहीन. त्यानंतर जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोगात जाईन. तुमचं ऑफिस दुसऱ्या राज्यात आहे याचा उपयोग होणार नाही. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार मी राहतो तिथेच, मुंबईत, तक्रार दाखल करता येते आणि एवढ्या रकमेसाठी फीही लागत नाही. सदोष वस्तूमुळे झालेल्या नुकसानीला ती बनवणारा जबाबदार असतो, हेही त्याच कायद्यात आहे.

तुटलेला तुकडा आणि उजवा रॅक मी कुरियरने पाठवणार नाही. तुमचा इंजिनियर मुंबईत पाठवा. रविवारी सकाळी मी आणि वडील दोघंही घरी असतो. रॉकेल आणि खडू आमच्याकडे आहे.

आपला,
एक ग्राहक, मुलुंड, मुंबई