ज्येष्ठ व्यवस्थापकांचा बायोडाटा

महोदय,

चाकण-पिंपरी पट्ट्यातील कारखान्यांत उमेदीची वर्षे घालवून प्लांट हेड किंवा उपाध्यक्षपदासाठी अर्ज करणारी अनेक मंडळी आजही बायोडाट्याची सुरुवात वडिलांचे नाव, जन्मतारीख आणि दहावीच्या टक्क्यांनी करतात, आणि ज्या कामगिरीसाठी त्यांना बोलवायचे ती चौथ्या पानावर दडलेली असते. ‘उत्पादन विभागाची जबाबदारी सांभाळली’ यातून काहीच कळत नाही; हाताखाली किती माणसे होती, अंदाजपत्रक किती कोटींचे होते, रिजेक्शन (सदोष म्हणून बाद होणारा माल) कितीवरून कितीवर आणले, हे पहिल्याच पानावर आकड्यांत यावे (गोपनीयतेची अडचण असेल तर टक्केवारी पुरे). नोकरीच्या सुरुवातीच्या वर्षांना दोन ओळी पुष्कळ झाल्या. दोन रकान्यांची नक्षीदार मांडणीही टाळावी, कारण अर्जांची छाननी करणाऱ्या संगणकप्रणालीला ती अनेकदा नीट वाचता येत नाही.

– एक निवृत्त मनुष्यबळ अधिकारी, चिंचवड