बाबांच्या पीएसएच्या रिपोर्टविषयी

तीर्थरूप बाबा व आई यांस शिरसाष्टांग नमस्कार.

बाबांचा रिपोर्ट नीट वाचला. पीएसए ६.८, शेजारी ठळक अक्षरांत ‘हाय’ आणि वर ‘ट्यूमर मार्कर’ (म्हणजे कर्करोगात रक्तात वाढू शकणारा घटक) असे शीर्षक. हे पाहून तुम्हा दोघांच्या पोटात गोळा येणे स्वाभाविक आहे.

पीएसए हे पुरुषांच्या मूत्राशयाखाली असणाऱ्या प्रोस्टेट ग्रंथीत तयार होणारे प्रथिन असून निरोगी ग्रंथीही ते बनवते. म्हणून ते रक्तात वाढले की कर्करोगच झाला, असा अर्थ होत नाही. ४ ही मर्यादा रूढ असली तरी वयानुसार ग्रंथी आकाराने वाढते आणि तिच्याबरोबर हा आकडाही चढतो. शिवाय बाबांना नुकताच लघवीचा जंतुसंसर्ग होऊन ताप आला होता, आणि अशा संसर्गानंतर पीएसए कित्येक आठवडे वाढलेले राहू शकते, ही गोष्ट रिपोर्टमधल्या नुसत्या आकड्यावरून कळत नाही. त्यामुळे संसर्ग पूर्ण बरा झाल्यावर, सहा ते आठ आठवड्यांनी, त्याच प्रयोगशाळेत पुन्हा तपासणी करावी का, हे डॉक्टरांना विचारा. प्रयोगशाळा बदलली की तपासणीचे किट बदलू शकते आणि आकड्यांची तुलना फसते. रक्त देण्यापूर्वी दोन दिवस बाबांनी सायकल चालवू नये. प्रोस्टेटसाठी ते फिनास्टराइड घेत असतील तर तेही आठवणीने सांगावे, कारण काही महिने ही गोळी घेतल्यावर पीएसए जवळजवळ निम्मे दिसते.

आकडा पुन्हा जास्त आला तर मात्र टाळाटाळ नको. डॉक्टरांनी गुदद्वारातून बोटाने केलेली तपासणी, गरजेनुसार एमआरआय आणि शेवटी बायोप्सी (ग्रंथीचा बारीक तुकडा काढून केलेली तपासणी), असा तो क्रम असतो; निदान बायोप्सीनेच पक्के होते.

आई, ‘आता माझेही सगळे मार्कर एकदाच करून टाकू’ हे तुझे म्हणणे मला मुळीच पटत नाही. अंडाशयाच्या कर्करोगासाठी पाहिला जाणारा मार्कर सीए-१२५ यकृताच्या आजारात किंवा पोटात पाणी झाल्यावरही वाढतो, आतड्याच्या कर्करोगासाठी पाहिला जाणारा सीईए तर धूम्रपान करणाऱ्यांत एरवीही जास्त असतो. उलट कर्करोग असूनही हे आकडे कधी कधी नॉर्मल येतात. या चाचण्यांचा खरा उपयोग, आजार आधीच ठाऊक असताना उपचार लागू पडतो आहे का, हे पाहण्यासाठी होतो. तुला काही तक्रार असेल तर ती डॉक्टरांना सांग, पॅकेज घेऊ नकोस.

बाबा, पीएसएचे जुने रिपोर्ट कपाटातल्या फाइलमध्ये असतील तर तारखांसह मला पाठवा. एका आकड्यापेक्षा तो किती वर्षांत किती वाढला, हे डॉक्टरांना अधिक उपयोगी पडेल.

तुमचा मुलगा