‘नाहीतर डेंटल’ असे म्हणण्याआधी

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

वैद्यकीय प्रवेशाच्या नीट परीक्षेचा निकाल लागला की मुंबई-ठाण्यातल्या घराघरांत एकच वाक्य कानी पडते: ‘एमबीबीएसला नंबर लागला तर ठीक, नाहीतर डेंटल घेऊन टाकू.’ यातल्या ‘नाहीतर’ला आमची हरकत आहे. गुणवत्ता यादीत दोन्ही अभ्यासक्रम वर-खाली दिसतात खरे, पण त्यातले रोजचे काम इतके वेगळे आहे की एकाला दुसऱ्याचा पर्याय मानून घेतलेला प्रवेश पुढे मुलांना फार जड जातो.

सुरुवात अर्जापासून करू, कारण पहिली चूक तिथेच होते. राज्याच्या सीईटी कक्षाच्या प्रवेश प्रक्रियेत एमबीबीएस आणि बीडीएसची (दंतवैद्यकाच्या पदवीची) महाविद्यालये एकाच पसंतीक्रमात भरायची असतात. वाटप करताना यादी वरून खाली वाचली जाते आणि तुमच्या गुणवत्ता क्रमांकाला जी पहिली जागा बसते, ती मिळते. त्या जागेच्या खाली तुम्ही काय लिहिले होते, याला मग काही अर्थ उरत नाही. फोर्टचे शासकीय दंत महाविद्यालय एखाद्या खासगी एमबीबीएसच्या वर लिहिले आणि तिथे क्रमांक लागला, तर खालच्या खासगी एमबीबीएसचा विचारच होत नाही. उलट, फी न बघता खासगी एमबीबीएस वर लिहिले आणि जागा मिळाली, तर पैसे भरताना घर हादरते. म्हणून शुल्क नियामक प्राधिकरणाने ठरवलेली फी प्रत्येक महाविद्यालयापुढे लिहून, तिला अभ्यासाच्या वर्षांनी, म्हणजे एमबीबीएससाठी साडेचारने आणि बीडीएससाठी चारने, गुणूनच क्रम लावावा. पहिलीच पसंती मिळाली तर पुढच्या फेऱ्यांत वरची जागा मागता येत नाही; तेव्हा जे खरोखर हवे, तेच पहिले लिहा. फेऱ्या, जागा सोडणे आणि दंड यांचे नियम त्या त्या वर्षीच्या माहितीपुस्तिकेतच वाचा, शेजारच्या मुलीला गेल्या वर्षी काय सांगितले होते त्यावर जाऊ नका. शासकीय आणि महापालिकेच्या महाविद्यालयांतल्या 15 टक्के जागा अखिल भारतीय कोट्यातून भरतात. त्याची नोंदणी वेगळी असते आणि ती विसरणारे पालक दरवर्षी असतात.

मुलींच्या पालकांसाठी एक गोष्ट. 2024-25 पासून कुटुंबाचे उत्पन्न 8 लाखांपर्यंत असलेल्या ईडब्ल्यूएस (आर्थिकदृष्ट्या दुर्बल), एसईबीसी (सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास) आणि ओबीसी मुलींना केंद्रीय प्रक्रियेतून घेतलेल्या व्यावसायिक अभ्यासक्रमांत शिक्षण व परीक्षा शुल्काची पूर्ण सवलत आहे. अभिमत (डीम्ड) विद्यापीठे त्यात येत नाहीत. ही सवलत धरली की खासगी एमबीबीएस आणि शासकीय बीडीएस यांची तुलना पुष्कळदा साफ बदलते. वैध नॉन-क्रीमीलेअर किंवा उत्पन्नाचा दाखला मात्र वेळेत काढून ठेवा. ऐन फेरीत तहसील कार्यालयाच्या रांगेत उभे राहून तो मिळत नाही.

आता काम. बीडीएसच्या पहिल्या वर्षापासून मुलांच्या हातात मेणाचा ठोकळा आणि कोरणी येते. त्यातून एकेक दात मापात कोरायचा. मिलिमीटरभर जास्त मेण उडाले की नवा ठोकळा. पुढे प्लास्टरचे साचे, कवळीची मांडणी, बाहुलीच्या डोक्यात बसवलेल्या दातांवर ड्रिलिंग. हे ड्रिल मिनिटाला तीन-चार लाख फेरे घेते, आणि वरच्या दातांवर काम करताना दात दिसतो तो तोंडातल्या छोट्या आरशात, म्हणजे उलटा. मन आणि बोटे या उलट्या हालचालीला सरावली नाहीत तर चौथ्या वर्षापर्यंत ओढाताण होते. रुग्णाच्या दातांचा ठसा घेण्यासाठी वापरतात तो अल्जिनेटचा साचा दोन-तीन मिनिटांत घट्ट होतो आणि त्यात प्लास्टर लगेच ओतावे लागते. ठेवून दिला तर पाणी सोडून आकसतो आणि त्यावरची प्लेट तोंडात बसत नाही. वरच्या पहिल्या दाढेच्या मुळांत पुष्कळदा चौथी नलिका असते, ती सापडली नाही तर रूट कॅनल झालेली दाढ वर्षभरात पुन्हा दुखायला लागते. ज्याला असले बारकावे पुन:पुन्हा करायला आवडतात, त्याने बीडीएस पहिल्या पसंतीने घ्यावे, आणि घरच्यांनी त्याला कमी लेखू नये.

हात आपला आहे का, हे घरी तपासता येते. साबणाच्या वडीतून दाढ कोरून बघा. आरशात बघत कागदावर चांदणी काढा. पहिल्या दिवशी सगळ्यांचीच वाकडी येते. आठ दिवस रोज काढून ती सुधारते का, ते महत्त्वाचे. रंगांधळेपणा असेल तर तोही आधीच तपासा, कारण दाताची छटा जुळवताना तो आड येतो.

एमबीबीएसमध्ये हात नंतर येतो. आधी पाठांतर, मग वॉर्ड. साडेचार वर्षे अभ्यास, एक वर्ष इंटर्नशिप, शासकीय किंवा महापालिकेच्या महाविद्यालयातून झाल्यास एक वर्षाची बंधपत्रित सेवा, मग नीट पीजी, मग तीन वर्षे एमडी किंवा एमएस. जेजे, केईएम, नायर, सायन किंवा कूपर, कुठेही जा, निवासी डॉक्टर असेपर्यंत रात्रपाळी आणि अपुरी झोप चुकत नाही. हवी ती शाखा पहिल्याच प्रयत्नात मिळेल असे धरून हिशेब करू नये. नुसत्या एमबीबीएसवर मुंबईत आरएमओची (रुग्णालयातल्या निवासी वैद्यकीय अधिकाऱ्याची) नोकरी मिळते, दवाखानाही टाकता येतो. पण त्याच गल्लीत बीएएमएस (आयुर्वेद) आणि बीएचएमएस (होमिओपॅथी) डॉक्टर वर्षानुवर्षे बसलेले असतात.

बीडीएस इंटर्नशिप धरून पाच वर्षांत पूर्ण होते आणि त्यानंतर राज्य दंत परिषदेच्या नोंदणीवर स्वतंत्र काम करता येते. पुढे एमडीएस या पदव्युत्तर पदवीच्या नऊ शाखा आहेत. सरकारी नोकऱ्या मात्र एमबीबीएसच्या मानाने थोड्या, हे लपवण्यात अर्थ नाही. दवाखान्याचा खर्चही मोठा. फिजिशियनला टेबल, तपासणीचा पलंग आणि रक्तदाबाचे यंत्र पुरते. दंतवैद्याला खुर्ची, कॉम्प्रेसर, उपकरणे निर्जंतुक करणारा ऑटोक्लेव्ह आणि एक्स-रे लागतो. खुर्चीला पाणी, निचरा, हवा आणि वीज अशा चार जोडण्या लादीखालून न्याव्या लागतात. जागा 11 महिन्यांच्या लिव्ह अँड लायसन्सवर घेऊन मालकाची लादी फोडायची आणि वर्षाने जागा सोडायची, या चक्रात दादर-बोरिवलीतले किती तरी नवे दंतवैद्य रुततात. किमान तीन-पाच वर्षांचा करार आणि कॉम्प्रेसरच्या आवाजाला सोसायटीची लेखी परवानगी, हे आधी, खुर्ची नंतर.

ज्यांना ‘डॉक्टर’ म्हणजे जीव वाचवणारा एवढेच ठाऊक आहे, त्यांनी तंबाखूचा विचार करावा. गुटख्यावर राज्यात 2012 पासून बंदी आहे, तरी तोंड उघडेनासे झालेली तरुण मुले येतच राहतात. आपलीच तीन बोटे उभी धरून तोंडात जात नाहीत, हे बहुधा सर्वांत आधी दंतवैद्याच्या लक्षात येते. कर्करोगाच्या आधीची ती पायरी असू शकते. जबड्याची हाडे जोडणारे शल्यविशारदही बीडीएसनंतर एमडीएस करूनच तयार होतात.

राहिला ड्रॉपचा, म्हणजे वर्षभर थांबून पुन्हा नीट देण्याचा प्रश्न. बीडीएसमधून एमबीबीएसमध्ये मधूनच जाण्याची सोय नाही. पुन्हा नीट द्यावी लागते आणि पहिल्या वर्षापासून सुरुवात करावी लागते. ‘आत्ता डेंटल घेऊ, सोबत नीटचा अभ्यास करू’ हा बेत त्यामुळे बहुतेकदा दोन्हीकडून फसतो: शरीररचनाशास्त्राची परीक्षा राहते आणि नीटचे गुणही वाढत नाहीत. ड्रॉप घ्यायचा की नाही, हे एकूण गुणांवर ठरवू नका. उत्तरपत्रिका काढा. 720 पैकी जीवशास्त्राचे 360, भौतिक आणि रसायनशास्त्राचे प्रत्येकी 180. जीवशास्त्रात 320च्या वर असून भौतिकशास्त्रात मार खाल्ला असेल, तर वर्षभर भौतिकशास्त्रावर बसून बराच फरक पडू शकतो. तिन्ही विषयांत थोडे थोडे गेले असतील आणि चुका वेळ न पुरल्याच्या किंवा उणे गुणांच्या असतील, तर आधी तीन तासांच्या चाचण्या देऊन चार आठवड्यांत गुण हलतात का ते बघा. हलत नसतील तर वर्ष घालवू नये.

पसंतीक्रम भरण्याआधी मुलामुलींना दोन सकाळी एखाद्या दंत महाविद्यालयाच्या बाह्यरुग्ण विभागात आणि दोन सकाळी महापालिकेच्या रुग्णालयाच्या मेडिसिन ओपीडीत, परवानगी घेऊन, नुसते बसवा. अर्जाची मुदत थोडी असते, म्हणून हे निकालाची वाट न पाहता मे महिन्यातच उरकावे.

आपले,
वैद्यकीय व दंत महाविद्यालयांतील दोन निवृत्त अध्यापक, परळ, मुंबई