माळा रिकामा केलाय, आधी हे वाचा

ती. बाबा आणि आई,
साष्टांग नमस्कार.

अमरावतीहून आल्याबरोबर बाबा माळ्यावर चढतील, म्हणून हे पत्र शिडीलाच बांधून जातेय. बाबा, चोक, स्टार्टर, पितळी होल्डर, सगळं जागच्या जागी आहे. पिंपाला मी हातसुद्धा लावला नाही. गेल्या त्या फक्त जळक्या ट्यूबलाइट. 114 निघाल्या. तुम्हाला विचारलं असतं तर "राहू दे, काय खायला मागून राहिल्या का त्या" म्हणाला असता, आणि मी दरवेळसारखी गप्प बसले असते. म्हणून दादाकडे गेलात तेव्हाच उरकलं. चोरी म्हणा हवं तर.

पण पत्र्याखालचा तो माळा मे महिन्यात कसा तापतो ते तुम्हाला मी काय सांगू! साध्या हवेतही पाऱ्याची वाफ होते आणि दर दहा अंशांना ती जवळपास दुप्पट होते. नव्या ट्यूबमध्ये पारा चार-पाच मिलिग्रॅम असतो, तुमच्या मिलच्या काळातल्या जाडजूड ट्यूबमध्ये त्याच्या कितीतरी पट. माळ्यावरच्या नऊ फुटलेल्या होत्या. बरोबर खाली आईची खाट.

रविवारी सकाळी तुम्ही बोऱ्यात ट्यूब भरायचे, मी बोऱ्याचं तोंड आवळून धरायची आणि तुम्ही हातोडी घालायचे. पांढरी भुकटी उडायची, मी त्यात फुंकर मारायची. आई फड्यानं अंगण झाडायची. मग टोप्यांचं ॲल्युमिनियम कबाड्याला, आणि त्या पैशाचे तर्री-पोहे. त्यापेक्षा चांगला रविवार मला अजून भेटला नाही. तेव्हा कोणालाच माहीत नव्हतं बाबा, मिलमध्येही सगळे तसंच करायचे. पण पारा त्या भुकटीतच असतो.

तुमच्या हाताची थरथर त्यानंच आहे असं मी म्हणत नाही. डॉक्टर वय म्हणतात, तेच असेल. पण ही वाफ वर्षानुवर्षं छातीत गेली तर नसांवर आणि मूत्रपिंडावर जाते, आणि गेल्या दिवाळीपर्यंत तुमची हातोडी चालूच होती. लघवीतला पारा तपासता येतो. दादा शनिवारी येऊन घेऊन जाईल. नाही म्हणायचं नाही, उपाशीपोटी जायचं का ते तो विचारून ठेवतो.

ट्यूब कुठं गेल्या ते ऐका. प्रदूषण मंडळाची परवानगी असलेल्यांकडे टेम्पोतून मी स्वतः घेऊन गेले, पुठ्ठ्यात गुंडाळून, उभ्या. त्यांचं यंत्र पाहून तुम्ही आधी मोटार किती एचपीची ते विचारलं असतं. एक बंद ड्रम, वर तिरपी नळी. ट्यूब आत सोडली की डोळ्याचं पातं लवायच्या आत चुरा. पंखा हवा सारखी आत ओढतो, त्यामुळे बाहेर काही येत नाही. आधी भुकटी गाळली जाते, मग वाफ कार्बनमध्ये अडकते. तो कार्बन वेळेवर बदलला नाही तर सगळं फुकट. भरलेला ड्रम काढताना सगळ्यात जास्त धोका, तेव्हा तिथला पोरगा तोंडावर मोठा मास्क चढवतो. मी विचारलं, दर वेळी घालतोस ना? हसला नुसता. मला काही ते आवडलं नाही. पुढे काच वेगळी, टोप्या वेगळ्या, आणि भुकटी बंद भट्टीत तापवून पारा पुन्हा थेंब थेंब गोळा करतात. अर्धा तास उभी होते, तुम्ही हवे होतात.

आता या ट्यूबच बंद होणार आहेत. 2023 मध्ये पाऱ्याचा वापर कमी करायच्या मिनामाता करारातल्या देशांनी 2027 पर्यंत त्या बनवणं थांबवायचं ठरवलं. म्हणून घरात एलईडी लावल्यात, 20 वॅटच्या. आई, उजेड पांढराफटक नाही, पोथी वाचून बघितली मी तुझ्या जागी बसून. उन्हाळ्यात व्होल्टेज पडलं तरी फडफडत नाही, स्टार्टरला टपली मारायला बाबांना स्टुलावर चढायला नको. चढू नकाच.

देवघरातली मात्र जुनीच ठेवलीय, आई, तू म्हणाली होतीस म्हणून. ती फुटली तर फडा लावायचा नाही. पंखा, कुलर बंद करून खिडक्या उघडायच्या आणि पंधरा मिनिटं वरच्या काकूंकडे जाऊन बसायचं. मग पुठ्ठ्यानं गोळा करायचं, बारीक चुरा चिकटपट्टीनं, शेवटी ओला कागद. सगळं झाकणाच्या बरणीत, बरणी अंगणात, आणि मला फोन. लोणच्याची बरणी नको गं आई, कॉफीची रिकामी ओट्याखाली ठेवलीय. वाकायचं काम बाबांनी करायचं, तुझे गुडघे नाही.

दूध फ्रिजमध्ये आहे, वांग्याची भाजी आजच संपवा. माझ्यावर रागावलात तर निदान जेवून रागवा.

टोप्यांचे पैसे त्यांनी दिले नाहीत बाबा, उलट त्यांनीच घेतले. सुपारीच्या डब्याखाली तीनशे रुपये ठेवलेत, ते टोप्यांचे समजा. रविवारी दोघं जा, तर्री कमी घ्या.

तुमची,
छोटी