घर दाखवताना भेदभाव नको : सभासद एजंटांना सूचना

नमस्कार. अमेरिकेत घरविक्रीचं काम करणाऱ्या सभासदांना कळकळीची आठवण. ग्राहक विचारतो, "आपली माणसं कुठे राहतात हो?" आणि आपण त्याच दोन वस्त्यांतली घरं दाखवत फिरतो. हेतू चांगला असला तरी याला स्टीअरिंग म्हणतात आणि १९६८ च्या फेअर हाउसिंग कायद्याने ते बेकायदा आहे. बजेट, खोल्या, ऑफिसचं अंतर विचारा. वस्ती ग्राहकालाच निवडू द्या.

"अमुक लोक येताहेत, भाव पडतील, विकून टाका" अशी भीती घरमालकाला घालणंही कायद्यात बसत नाही. लहान मुलं असलेल्या कुटुंबांनाही १९८८ पासून अशा भेदभावाविरुद्ध कायद्याचं संरक्षण आहे (ज्येष्ठांसाठीच्या ठरावीक वसाहती सोडून).

विक्रेता "त्या धर्माचे नकोत" म्हणाला, तर ते लिस्टिंग (विक्रीसाठी आपल्याकडे आलेलं घर) सोडा. कमिशन बुडालं तरी चालेल.