मॉडरेट म्हणजे किती?

बाळा,

काल तू रागात फोन ठेवलास म्हणून मी परत केला नाही. म्हटलं सावकाश लिहावं, आणि बसताना ठरवलं होतं की हिमोग्लोबिनचा विषय काढायचाच नाही. पण तू सांगितलंस तरी काय, तर "आई, मॉडरेट ॲनिमिया आहे, टेन्शन घेऊ नकोस." अगं मॉडरेट म्हणजे किती? गरोदर नसलेल्या बाईचं हिमोग्लोबिन ८ पण मॉडरेट आणि १०.९ पण मॉडरेट. या दोघींत किती फरक असतो ते मी रोज बघते.

गणपतीत तूच ओट्याला टेकून मला माहितीचे प्रकार शिकवलेस ना, रक्तगट म्हणजे नॉमिनल, नुसती नावं, बी काही ओपेक्षा मोठा नसतो. बाळंतपणं किती ते मोजायचं, दोन नाहीतर तीन, अडीच नसतं. सौम्य-मध्यम-तीव्र हे ऑर्डिनल, क्रम कळतो पण मधलं अंतर कळत नाही. आणि हिमोग्लोबिन कंटिन्युअस, मधला कुठलाही आकडा येऊ शकतो. मी भाजी परतत होते, तुला वाटलं लक्ष नाही. बाबा तर नंतर दोन दिवस येईल त्याला सांगत होते, आमची पोरगी काय समजावून सांगते म्हणून. मग आईलाच आकडा सोडून नुसता गट का सांगितलास?

बरं, सॉरी. ओरडायचं नव्हतं.

मी नवीन नवीन सबसेंटरला, म्हणजे गावच्या आरोग्य उपकेंद्रात, लागले तेव्हा हिमोग्लोबिन साहलीवर बघायचो, रंग जुळवून मोजायचं साधं उपकरण ते. नळीत खुणेपर्यंत ॲसिड, त्यात बोटाचं रक्त, दहा मिनिटं थांबायचं, मग डिस्टिल्ड वॉटर थेंब थेंब घालत शेजारच्या काचेच्या रंगाशी जुळवायचं. पावसाळ्यात आत रंगच कळायचा नाही, मग दारात जाऊन नळी उजेडाला धरायची. एका पोरीचं असंच ७.५ आलं, सातवा महिना होता. वर पाठवायच्या रिपोर्टात ११ च्या खाली किती आणि ७ च्या खाली किती एवढंच भरायचं, त्यात ती तीव्रमध्ये बसत नव्हती. पण माझ्या वहीत आधीच्या महिन्याचं ८.९ होतं. दोन्ही वेळा मध्यमच, आणि पोरगी तर घसरत चाललेली. त्याच दिवशी तालुक्याला पाठवली. तिचा मुलगा आता दहावीला आहे, बाजारात भेटली की हात धरून ठेवते.

टक्केवारी नको असं मी म्हणत नाही. २०१९-२१ च्या कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातल्या १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के बायका ॲनिमिक निघाल्या, हे कळलं पाहिजेच, त्याशिवाय गोळ्या कुठे किती लागतील ते कसं ठरणार. आणि असं आकड्यांचं काम तू करणार याचा मला किती अभिमान आहे ते फोनवर सांगताच येत नाही, घसा भरून येतो. पण त्या ५७ मध्ये ११.८ वाली पण "हो" आणि ६ वाली पण "हो". तू त्यात कुठे आहेस?

आयर्नची गोळी चहासोबत घेऊ नकोस, लिंबूपाण्याबरोबर घे. शौच काळी होईल, घाबरू नकोस. पाळीत "जास्त जातं" म्हणालीस, जास्त म्हणजे किती दिवस, दिवसाला किती पॅड, ते मोजून सांग. आत्याच्या वेळी पण सगळे थोडा अशक्तपणा आहे असंच म्हणत होते. जाऊ दे, ते नको आता.

दादा उद्या पहाटेच्या एसटीनं निघतोय, अळीवाचे लाडू दिलेत, रूममेटला पण दे. रिपोर्टचा फोटो टाक, तारीख आणि आकडा दिसेल असा. आधीचा कुठला असेल तर तो पण टाक.

तुझी आई