स्थलांतराचे आकडे: नेमके काय मोजले, ते आधी पाहावे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

स्थलांतराच्या बातम्यांत आणि महाविद्यालयांतल्या प्रकल्पांत निरनिराळ्या देशांचे आकडे एकाच तक्त्यात शेजारीशेजारी मांडले जातात. प्रत्येक देशाची मोजणी मात्र वेगळी असते. त्यामुळे निष्कर्ष चुकतात, आणि ते चुकले हे कोणाच्या ध्यानातही येत नाही.

संयुक्त राष्ट्रांच्या अंदाजानुसार २०२४मध्ये जगात सुमारे ३० कोटी ४० लाख आंतरराष्ट्रीय स्थलांतरित होते. यात धरले कोणाला? अमेरिकेत जन्मस्थान पाहतात. परदेशात जन्मलेल्या माणसाने तिकडचे नागरिकत्व घेऊन तीस वर्षे झाली तरी तो स्थलांतरितच. त्याची तिथे जन्मलेली मुले मात्र नाहीत. आखाती देशांची मोजणी नागरिकत्वावरून होते. म्हणून दुबईतच जन्मून तिथल्याच शाळेत शिकणारे मराठी मूल स्थलांतरित ठरते, आणि न्यू जर्सीत जन्मलेले त्याचे चुलत भावंड ठरत नाही. आपल्या जनगणनेत जन्मस्थान विचारतात. त्यामुळे फाळणीनंतर सिंधमधून उल्हासनगरला आलेले आजी-आजोबाही भारतातले ‘आंतरराष्ट्रीय स्थलांतरित’! भारताचा हा आकडा १९९०मध्ये सुमारे ७५ लाख होता, तो २०२०पर्यंत ४९ लाखांवर आला. याचे मोठे कारण म्हणजे फाळणीची पिढी संपत चालली आहे. तो आकडा घेऊन ‘भारतात येणारे कमी झाले’ असे लिहिणे साफ चूक आहे.

प्रकल्प करणाऱ्यांसाठी उपाय सोपा आहे. संयुक्त राष्ट्रांचा तक्ता संकेतस्थळावर मोफत मिळतो. त्याच्या २०२०च्या आवृत्तीत देशाच्या नावाजवळ माहितीचा प्रकार सांगणारा स्तंभ आहे. ‘बी’ म्हणजे जन्मस्थानावरून, ‘सी’ म्हणजे नागरिकत्वावरून; ‘आर’ असेल तर निर्वासित वेगळे मिळवले आहेत; ‘आय’ असेल तर देशाची स्वतःची माहितीच नाही, आकडा अंदाजाने भरला आहे. ‘बी’ आणि ‘सी’ देशांची थेट तुलना करू नये. ‘आय’ असलेल्या देशाचा कल तर काढूच नये.

दुसरा घोळ माणसे आणि घटना यांतला. अमेरिकेच्या दक्षिण सीमेवर २०२३ या आर्थिक वर्षात (ते १ ऑक्टोबरला सुरू होते) सुमारे २४ लाख ७५ हजार नोंदी झाल्या. या नोंदी सीमेवर अडवल्याच्या आहेत, तितकी माणसे नव्हेत. मार्च २०२० ते मे २०२३ या काळात साथीच्या नियमाखाली अनेकांना झटपट परत पाठवले जाई आणि पुढे काही कारवाई होत नसे. तीच माणसे पुन्हा प्रयत्न करत आणि पुन्हा मोजली जात. युरोपातही २०१५ साली सीमेवर बेकायदा प्रवेशाच्या १८ लाखांवर नोंदी झाल्या, पण आश्रयासाठी पहिल्यांदा अर्ज करणारे होते साडेबारा लाखांच्या आसपास. ग्रीसमध्ये उतरलेला माणूस बाल्कन देशांतून चालत हंगेरी किंवा क्रोएशियात शिरला की त्याची दुसऱ्यांदा नोंद होई.

शब्दांचीही गल्लत होते. २०२४अखेर जगात १२ कोटी ३० लाख लोक सक्तीने विस्थापित होते. त्यांना सरसकट ‘निर्वासित’ म्हटले जाते. त्यांपैकी सुमारे ७ कोटी ३५ लाख लोक स्वतःच्याच देशात आहेत. सीमा ओलांडलेल्यांपैकीही सुमारे दोनतृतीयांश शेजारच्या देशातच थांबले. युरोप-अमेरिकेच्या बातम्यांवरून जगाचे चित्र रंगवताना अशा शेजाऱ्यांना आसरा देणारे युगांडा आणि कोलंबिया सुटून जातात. कोलंबियाने २०२१मध्ये व्हेनेझुएलातून आलेल्यांसाठी दहा वर्षांच्या तात्पुरत्या संरक्षणाची योजना आणली. तिची चर्चा आपल्याकडे जवळपास झालीच नाही.

आता आपल्या घरचे. आखातात जाणाऱ्यांचे राज्यवार आकडे बहुधा उत्प्रवासन मंजुरीवरून, म्हणजे परदेशी कामाला जाण्याआधी घ्यायच्या सरकारी परवानगीवरून, दिले जातात. ही मंजुरी मुख्यतः दहावी न झालेल्या कामगारांना आणि तीही ठरावीक १८ देशांसाठीच लागते. रत्नागिरीचा आयटीआय झालेला, दहावी पास वीजतंत्री कुवेतला गेला तर तो या आकड्यात नसतो. त्यामुळे या तक्त्यावरून ‘महाराष्ट्रातून आखातात फार थोडे जातात’ असे म्हणता येत नाही.

केरळमध्ये तिरुवनंतपुरमच्या विकास अध्ययन केंद्राने १९९८पासून दर काही वर्षांनी घरोघरी जाऊन स्थलांतराचे सर्वेक्षण केले आहे. घरातले कोण बाहेर आहे, कुठल्या देशात, पैसे किती येतात, परत कोण आले, हे थेट कुटुंबाला विचारले. कोकणातल्या तालुक्यांत आपल्या विद्यापीठांनी हेच काम हाती घ्यावे, आणि तोवर वृत्तपत्रांनी स्थलांतराच्या प्रत्येक आकड्याशेजारी वर्ष, मोजणीचा आधार आणि माणसे की नोंदी, एवढे तरी छापावे, ही विनंती.

आपले,
लोकसंख्याशास्त्राचे काही अध्यापक, पुणे